मी वाकडी नाही

मित्रांनो, बाकीचं सगळं नंतर, आधी एक गोष्ट स्वच्छ सांगते. मी वाकडी नाही. कधीच नव्हते. मी एक जुनी ब्रेक डिस्क आहे. झिजलेली आहे, कडेने गंजलेली आहे, अंगावर ओरखडे आहेत आणि उद्या मी भंगाराच्या टेम्पोत चढणार आहे. हे सगळं मला मान्य आहे. पण वाकडी? हा ठपका माझ्यावर दुसऱ्याच्या चुकीमुळे आला, आणि तो कसा आला नि कसा गेला हे सांगितल्याशिवाय मी काही या कोपऱ्यातून सुखाने जायची नाही.

ब्रेक डिस्क म्हणजे काय हे तुमच्यातल्या काहींना ठाऊक नसेल. एखाद्या गाडीच्या चाकात वाकून बघा. आत ताटाएवढी लोखंडी चकती दिसेल. ती मी. चाक फिरतं तशी मीही गरगर फिरते. चालवणाऱ्याने ब्रेकवर पाय दिला की दोन बाजूंनी दोन पॅड मला चिमटीत धरतात. मी थांबते, म्हणून चाक थांबतं, म्हणून गाडी थांबते. गाडी पळवणाऱ्या इंजिनाचं लोक तोंड भरून कौतुक करतात. थांबवणारीला कोणी विचारत नाही. त्याचं मला काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण तो आजचा विषय नव्हे.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं आणि मी झाले. माझ्या पाठोपाठ त्याच साच्यातून माझी जुळी बहीण आली. आम्हाला लेथवर चढवून तासलं, भोकं पाडली आणि मग मोजायला पाठवलं. तिथे मोजणारी बाई फार कडक होती. केसभर फरक दिसला तरी ती चकती बाजूला टाकायची आणि ती चकती मुकाट्याने परत भट्टीत जायची. तिने मला फिरवलं, मोजायच्या सुईकडे नजर रोखून पाहिलं आणि म्हणाली, "सरळ." एवढंच. पुढे माझ्याबद्दल लोक काय काय बोलले, पण तो एक शब्द मी कधी विसरले नाही.

मग आम्हा दोघींना गंज लागू नये म्हणून तेल फासलं, कागदात गुंडाळलं आणि खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते एका गॅरेजमध्ये.

ते गॅरेज भावाचं होतं आणि त्याला लागूनच पुढच्या खोलीत बहिणीचं गाडी शिकवायचं ऑफिस. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर रस्त्यांच्या खुणांचा तक्ता. शिकायला येणारे तिला मॅडम म्हणत आणि मागच्या मेकॅनिकला भाऊ. तो तिच्याहून लहान, म्हणून ती त्याला अजून धाकट्या म्हणायची. चाळिशी उलटलेल्या, पोट सुटलेल्या माणसाला धाकट्या. तोही मान डोलवून ओ द्यायचा. तिची शिकवायची गाडी छोटी, पांढरी, आणि तिला ब्रेकचे दोन पेडल होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक मॅडमच्या. त्या गाडीसाठी आम्ही आलो होतो.

आता त्यांच्या बाबांची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं. मी त्यांना पाहिलेलं नाही. पण ही बहीणभावंडं चहा प्यायला बसली की दुसरं बोलतच नसत, त्यामुळे मला ते पाठ आहेत. गॅरेज मुळात बाबांचं. त्यांची एक सवय होती. संध्याकाळी काम अर्धवट राहिलं की ते निळ्या रंगाच्या डबीत अंगठा बुडवायचे आणि काम जिथे थांबलं असेल तिथे ठसा उमटवायचे. म्हणजे सकाळी शोधाशोध नको. सकाळी आले की पहिल्यांदा थिनरचं फडकं घेऊन तो ठसा पुसायचे, "हं, कालचं पुसलं," म्हणायचे आणि मगच पान्याला हात लावायचे. गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असो, ठसा पुसल्याशिवाय काम पुढे जायचं नाही.

त्यांचं शेवटचं काम याच पांढऱ्या गाडीचं. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाचं हब त्यांनी नवीन बसवलं. हब म्हणजे चाकामागची ती गोल बैठक, जिच्यावर मी बसते आणि माझ्यावर चाक बसतं. दिवस मावळला होता. "डिस्क सकाळी चढवू," म्हणाले, हबच्या कोऱ्या करकरीत तोंडावर निळा अंगठा टेकवला आणि घरी गेले. सकाळी ते उठलेच नाहीत.

काही दिवसांनी ते काम धाकट्याने पुरं केलं. पण ठसा पुसायला त्याचा हात धजेना. त्याने तसाच त्यावर डिस्क चढवली. माझ्या आधीची ती. तीही थरथरायला लागली, तिलाही वाकडी म्हणाले आणि भंगारात घातली. ती बिचारी गरीब स्वभावाची असावी. मी नाही.

आम्हाला बसवलं तो दिवस मला लख्ख आठवतो. खरं सांगते, धाकट्याच्या हाताला तोड नाही. त्याने गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं, पॅडांना धरून ठेवणारा कॅलिपर सोडवला आणि नुसता लोंबकळत न सोडता तारेने वर बांधून ठेवला, म्हणजे ब्रेकच्या नळीला ओढ बसू नये. गंजून चिकटलेली जुनी डिस्क हलकेच ठोकून सोडवली. मग आमच्या अंगावरचं तेल त्याने असं स्वच्छ पुसलं की आमचा चेहरामोहराच बदलला. त्या तेलाचा थेंब जरी राहिला तरी पॅड घसरतं, म्हणून पुसून झाल्यावर तो आम्हाला फक्त कडेला धरत होता. एवढी काळजी. मी मनात म्हटलं, चांगल्या घरी पडलो.

मग त्याने तारेचा ब्रश घेतला. उजव्या हबवरचा सगळा गंज खरवडून त्याने ते लख्ख केलं आणि माझ्या बहिणीला त्यावर बसवलं. डावीकडे आला. ब्रश हबवर फिरत फिरत एका जागेपाशी आला, थांबला आणि वळसा घालून पुढे गेला. त्या जागी तो अंगठा होता. जुना, कडा उडालेला, पण रेघा ओळखू येतील असा.

ऑफिसातून मॅडमचा आवाज आला, "हब दोन्ही घासलेस का रे?"

"घासले."

घासले म्हणे. मला त्या ठशावर ठेवलं आणि ठेवल्या ठेवल्या कळलं, पाठीला एका बाजूने काहीतरी टोचतंय. वरून रंग होता आणि रंगाच्या खाली गंज फुगला होता. पण ओरडायला आम्हाला तोंड कुठे आहे? त्याने चाक चढवलं, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले, पेडल दाबून दाबून घट्ट केलं आणि गाडी खाली सोडली.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. नव्या डिस्कला पहिल्याच दिवशी कचकचून ब्रेक मारायचे नसतात. मॅडम स्वतः गाडी घेऊन मोकळ्या रस्त्यावर गेली, हळू ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. पॅडची आणि आमची ओळख झाली. पण गंजाचा तो फुगवटा माझ्या पाठीशी टिच्चून बसला होता. आत केसाएवढा, पण माझ्या कडेपर्यंत येता येता त्याचा झोल मोठा व्हायचा. प्रत्येक फेरीला मी पॅडला एक धक्का द्यायचे. देत नव्हते हो, द्यायला लावलं जात होतं. शिकणारे दिवसभर ब्रेक मारतात. बघता बघता पेडल पायाखाली थरथरू लागलं.

"आजकालचा मालच असा," धाकट्या म्हणाला. "डावीकडची वाकडी आलीये. मागचीपण अशीच निघाली होती."

त्याच साच्यातली माझी बहीण उजवीकडे गुण्यागोविंदाने फिरत होती, तिचं नाव नाही. माझ्या अंगाची आग झाली. तशी ती ब्रेक मारल्यावर होतेच, पण ही वेगळी.

त्याच सुमारास मॅडमकडे एक शिंपीकाका गाडी शिकायला येऊ लागले. वय साठीच्या पुढे, गळ्यात टेप, ती काढायची आठवणच राहायची नाही. त्यांच्या बायकोचे गुडघे कामातून गेले होते. बसची पायरी तिला चढवत नव्हती, आणि बहिणीकडे जाऊन तिला फार दिवस झाले होते. काकांनी जावयाची जुनी गाडी मागून घेतली होती. "हिला तिच्या बहिणीच्या दारात नेऊन उतरवायचं, बास," ते म्हणायचे. "पुढे गाडी कुलपात ठेवली तरी चालेल."

माणूस शिकायला तल्लख होता. पण सगळा जन्म पायाने शिलाई मशीन चालवण्यात गेलेला. मशीनवर धागा अडकला की पायाखाली फळी थरथरते आणि शिंप्याने पाय झटकन उचलायचा असतो, नाहीतर सुई मोडते. हे त्यांच्या पायात भिनलेलं होतं.

आता तुमच्या लक्षात आलं असेल पुढे काय झालं.

भरदुपारची वेळ. उतार होता. खालच्या कोपऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत रस्ता ओलांडायला उतरले. काकांनी वेळेवर पाहिलं, वेळेवर ब्रेक दाबला. पॅडनी मला धरलं, मी थरथरले, पेडल थरथरलं, आणि काकांनी पाय उचलला. ब्रेकवरचा पाय, ऐन उतारावर. मॅडमने तिच्या बाजूचा ब्रेक असा दाबला की माझ्या अंगातून धूर निघायचा बाकी राहिला. गाडी थांबली. गृहस्थांच्या काठीत आणि बंपरमध्ये हात जेमतेम गेला असता. ते रागाने बघत, पुटपुटत पलीकडे गेले.

काका स्टिअरिंग धरून तसेच बसले होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मॅडम, हे आपल्याच्याने व्हायचं नाही," ते म्हणाले. "पाय ऐकत नाही माझा. माणूस गेला असता आज."

"काका, तुमचा पाय..."

"नाही, नाही. वय झालं. घरी सांगतो मी हिला, तुझ्या बहिणीलाच इकडे बोलावू." त्यांनी दार उघडलं, खाली उतरले आणि चालत घरी निघाले. गळ्यातली टेप तशीच.

मित्रांनो, मला त्या क्षणी जे वाटलं ते कसं सांगू. काकाही माझ्यासारखेच. दोष कोणाचा आणि मान खाली घालून चालला होता कोण. मी वाकडी नाही आणि काकांचा पायही नाही, हे मला जगाला ओरडून सांगायचं होतं. पण मी पडले लोखंडाची.

ओरडली ती मॅडम. गॅरेजमध्ये गाडी लावली, खाली उतरली आणि कंबरेवर हात ठेवून धाकट्यासमोर उभी राहिली.

"चाक काढ."

"अगं, नवीन डिस्क मागवतो ना. आजच सांगतो."

"आणि तीही वाकडी निघेल. मग चौथी, मग पाचवी. सगळ्या जगातल्या वाकड्या डिस्का तुझ्याच पत्त्यावर कशा येतात रे?"

धाकट्याने चाक काढलं, मला नटांनी आवळलं आणि डायल गेज लावलं. हे घड्याळासारखं दिसणारं मोजायचं यंत्र, वस्तू जरा डुलली की त्याची सुई हलते. त्याने मला हाताने फिरवलं. एका जागी सुईने उडी मारली. तिथे त्याने माझ्यावर खडूने खूण केली.

"हे बघ, ताई. इथे वाकडी आहे. मी काय खोटं बोलतोय?"

"नट काढ. तिला दोन भोकं पुढे सरकवून बसव आणि पुन्हा मोज."

"कशाला?"

"बाबा मोजायचे तसं मोज. वाकडी असली तर खडूची खूण आली की सुई उडेल. मग ही डिस्क मी स्वतः नेऊन फेकते. नसली तर खूण पुढे जाईल आणि सुई हबच्या जुन्याच जागी उडेल."

धाकट्याने कपाळावरचा घाम पुसला. त्याला उत्तर ठाऊक होतं, अगदी पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याने मला सरकवलं, आवळलं, फिरवलं. खडूची खूण सुईसमोर आली, सुई ढिम्म. खूण पुढे गेली. मागून हबची जुनी जागा आली आणि सुईने टुणकन उडी मारली. माझ्या पाठीमागे बरोबर तिथे बाबांचा अंगठा होता.

बघा, मी काय म्हणत होते?

पण मला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही. कारण धाकट्याने मला उतरवून मांडीवर घेतलं आणि हबसमोर जमिनीवर फतकल मारून बसला. तो रडत नव्हता, नुसता बघत होता.

"केवढासा रंग, ताई," तो म्हणाला. "पापुद्रा नुसता."

"पापुद्र्याखाली गंज धरलाय. तुला दिसत नाही का?"

"दिसतं. पण त्यांचं दुसरं राहिलंय काय? फोटोसुद्धा धड नाही. हात त्यांचा एवढाच उरलाय."

मॅडम त्याच्याशेजारी येऊन बसली. तिचा राग अजून उतरला नव्हता, आवाज मात्र खाली आला.

"धाकट्या, बाबांनी तो ठसा जपायला लावला होता का? सकाळी पुसायला लावला होता. त्यांचं काम अजून तिथेच अडकलंय. आपण दोघांनी अडकवून ठेवलंय. त्यांना असं चाललं असतं?"

"नसतं."

"आज एक माणूस गाडीखाली गेला असता आणि दुसरा स्वतःला दोष देत घरी बसलाय. मी ही गाडी अशी रस्त्यावर काढणार नाही. तुला जमत नसेल तर ब्रश मला दे."

"नको," धाकट्या म्हणाला. "मी पुसतो."

त्याने आपला अंगठा त्या ठशावर ठेवून पाहिला. ठसा त्याच्या अंगठ्यापेक्षा लहान निघाला. "मला वाटायचं बाबांचा हात केवढा मोठा," तो हसून म्हणाला. मग थिनरची बाटली आणली, फडकं भिजवलं आणि पुसलं. निळा रंग फडक्यावर आला. खालचा गंज त्याने तारेच्या ब्रशने काढला, वरून पॉलिश पेपर फिरवला आणि बोटाने चाचपून पाहिलं. हब उजव्यासारखंच लख्ख झालं.

"हं," तो म्हणाला. "कालचं पुसलं." आणि मग पान्याला हात लावला. मॅडमने तोंड दुसरीकडे फिरवलं.

मला त्या हबवर ठेवलं. मित्रांनो, पाठ टेकणं म्हणजे काय सुख असतं ते मला तेव्हा कळलं. गेज लावलं, फिरवलं. सुई जागची हलली नाही. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं आणि खडूची खूण बोटाने पुसून टाकली. माफी कोणी मागितली नाही. मीही मागे लागले नाही, कारण त्या फडक्याकडे बघून मला ते बरं वाटलं नसतं.

दुसऱ्याच दिवशी मॅडम काकांच्या दुकानात गेली आणि त्यांना घेऊनच आली. "पाय तुमचा चुकला नाही. गाडीच खोटी खूण देत होती," असं तिने त्यांना सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. त्याच उतारावर, त्याच कोपऱ्यावर तिने त्यांना ब्रेक लावायला सांगितला. काकांनी भीत भीत पाय ठेवला, दाबला. पॅडनी मला धरलं. मी जीव तोडून सरळ राहिले. पेडल लोण्यासारखं खाली गेलं आणि गाडी थांबली. काका पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून बघत होते. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, पण मॅडमने त्यांना दाबू दिलं.

"आता धागा अडकत नाही," काका म्हणाले.

पुढे त्यांना परवाना मिळाला. एकदा ते जावयाची गाडी घेऊन गॅरेजच्या दारावरून गेले, शेजारी बायको बसली होती आणि मागच्या सीटवर बोचकी होती. त्यांनी थांबून हात केला. थांबले अगदी अलगद. त्या गाडीच्या ब्रेकमध्ये मी नव्हते, तरी मला माझंच कौतुक झाल्यासारखं वाटलं. वाटू दे. कोण अडवणार मला?

त्यानंतर मी इमानेइतबारे चाकरी केली. किती नवशिके आले, किती वेळा घाबरून कचकन ब्रेक मारला, मोजदाद नाही. प्रत्येक वेळी माझं अंग जरासं झिजलं. आता मी इतकी पातळ झाले आहे की मला ठेवणं धोक्याचं. म्हणून काल संध्याकाळी धाकट्याने मला उतरवलं. डावं हब साफ केलं, तेवढ्यात दिवस मावळला. "डिस्क सकाळी चढवू," तो म्हणाला, निळ्या डबीत अंगठा बुडवला आणि हबवर ठसा उमटवला. स्वतःचा. आज सकाळी आला, थिनरच्या फडक्याने पुसला, पुटपुटला आणि नव्या डिस्कला हात घातला. ती पोरगी भाग्याची. तिची पाठ पहिल्या दिवसापासून टेकली.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी नवी वस्तू येईल आणि नीट चालणार नाही. एखादं माणूसही नीट चालेनासं होईल. त्याच्यावर खापर फोडायची घाई करू नका. आधी ते ज्याच्यावर बसलंय ती जागा बघा, घासा, आणि तिथे काही जपून ठेवलेलं असेल तर तेही पुसायची हिंमत ठेवा. माझ्या आधीची बिचारी याच एका गोष्टीपायी भंगारात गेली. तिच्या वतीनेही मी बोलते आहे.

आज दुपारी भंगारवाला ढीग बघायला आला होता. उद्या टेम्पो आणणार आहे. त्याने मला पायाने उलटवलं आणि विचारलं, "भाऊ, ही काय, वाकडी निघाली?"

धाकट्या नव्या डिस्कचे नट आवळत होता. त्याने पाना खाली ठेवला, उठून माझ्यापाशी आला, मला कडेला धरून उचललं आणि भिंतीला टेकवून नीट उभं केलं.

"झिजली," तो म्हणाला. "शेवटपर्यंत सरळ होती."

ऐकलंत ना? आता खुशाल घाला मला भट्टीत.